भुलेतला जागा कान

पंढरपूरच्या आसपास भीमेच्या काठानं हिंडलं, की कुठं कुठं रानात जमिनीवर पसरलेले भोपळ्याचे वेल दिसतात. हा भोपळा भाजीचा नव्हे. कडू. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. त्याची पांढरी फुलं दिवस कलल्यावर उघडतात, रात्री त्यांच्यावर पतंग येतात, आणि पाऊस सरून थंडी पडेपर्यंत कवेत जेमतेम मावतील अशी फळं मातीवर बसलेली असतात. पिकलेलं फळ घाईनं खुडायचं नसतं. पुढचं काम उन्हाचं. आतला गर आटतो, बिया सुट्या होतात, साल कडक होत जाते, आणि एके काळचं जड, पाणीदार, हिरवं फळ हळूहळू नुसती एक पोकळी होऊन राहतं. बोटानं टकटक केली तर आतून उत्तर येतं.

हे भोपळे मिरजेला जातात. तिथं ते पाण्यात भिजतात, कापले जातात, आतून घासून स्वच्छ होतात. तुणीच्या लाकडाची दांडी त्यांना जोडली जाते, वर तबली बसते, खुंट्या बसतात, चार तारा चढतात. मग घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवत कारागीर कान लावून बसतो. धागा केसभर इकडे, केसभर तिकडे. तोवर कोरडी वाजणारी तार एका जागी येऊन अचानक भरून गायला लागते. जवारी लागली, असं तो म्हणतो आणि हात थांबवतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. भीमेच्या काठच्या मातीचा आणि उन्हाचाही त्यात वाटा आहे, असं मी मानते.

ज्या घरांनी ही विद्या मिरजेत रुजवली ती मुळात शिकलगारांची. तलवारी, कट्यारी घडवायच्या, त्यांना धार लावायची, हे त्यांचं पिढीजात काम. लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब आणि त्यांच्या भाऊबंदांनी हात वाद्यांकडे वळवला. सितारमेकर हेच पुढं आडनाव झालं. पात्याच्या धारेवर अंगठा फिरवून पोलादाचा गुण ओळखणारी ती बोटं तारेचा गुण ओळखू लागली.

आणि त्याच गावात पोलाद परत आलं, या खेपेला माणूस वाचवायला. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत इस्पितळ उभं केलं, आणि शस्त्रक्रियेसाठी लोक दूरदूरहून येऊ लागले. आजही मिरज हे डॉक्टरांचं गाव आहे. सांगली-सोलापूरकडून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून रेल्वेनं माणसं उतरतात, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या पाठीला टेकलेली म्हातारी आई. दुसरीकडे ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, आणि उरुसात तिथं वर्षानुवर्षं संगीतसभा भरते. शस्त्र आणि सूर एका गावात इतके जवळ नांदलेले मी दुसरीकडे कुठं पाहिले नाहीत. या दोघांची खरी भेट व्हायची जागा मात्र दर्ग्यात नाही, तारा जुळवणाऱ्यांच्या गल्लीतही नाही. ती ऑपरेशनच्या टेबलाशी आहे.

टेबलावरचा माणूस काय ऐकतो, याचा विचार आपण क्वचित करतो. पूर्ण भूल दिली असेल तर तो झोपला आहे असं धरून चालतो. पण हर्निया, गुडघा, प्रोस्टेट, सिझेरियन अशी कितीतरी ऑपरेशनं कमरेत इंजेक्शन देऊन होतात. पाठ वाकवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात. मणक्यांच्या फटीतून बारीक सुई आत जाते. पायांत ऊब उतरते, आणि थोड्या वेळानं पाय आपले राहत नाहीत. छातीसमोर हिरवं कापड ताणतात. डोळ्यांना दिसतं ते एवढं कापड आणि छताकडचा दिवा. हात सलाईनच्या नळीत अडकलेला. उरतो तो कान. ट्रेमध्ये टाकलेल्या चिमट्याची खणखण. रक्त ओढून घेणाऱ्या नळीची घरघर. रक्तवाहिन्या डागून बंद करताना होणारी चरचर. कुणीतरी हलक्या आवाजात काहीतरी मागतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काही बिघडलं तर नाही?

या सगळ्यांत मॉनिटरचा एक सूर अखंड चाललेला असतो. बोटाला लावलेला चिमटा रक्तातला प्राणवायू मोजत असतो, आणि प्राणवायू उतरला की त्या सुराची पट्टीही उतरते. त्यामुळं भूलतज्ज्ञाला पडद्याकडे पाठ असतानाही धोका कळतो. हे मला जेव्हा पहिल्यांदा समजलं तेव्हा मी थक्क झाले होते. माणसाचा जीव कसा आहे ते सुराच्या उंचीवरून ओळखायचं, ही किती जुनी रीत! आई तान्ह्याच्या रडण्याच्या पट्टीवरून हेच ओळखते. पण मॉनिटरचा सूर डॉक्टरांसाठी लावलेला आहे. ज्याच्या रक्ताचा तो सूर, त्याच्यासाठी त्या खोलीत सहसा काहीच लावलेलं नसतं.

डोळे मिटता येतात. कान मिटता येत नाहीत. निसर्गानं कान असा उघडा का ठेवला, हे त्याच्या घडणीतच लिहिलेलं आहे. कानाच्या पडद्यामागं तीन इवली हाडं आहेत, हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यातली रिकीब तर सुमारे तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. हातोडी आणि ऐरण ही आपल्या फार फार जुन्या, सरपटणाऱ्या प्राण्यांसारख्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं. कोट्यवधी वर्षांत ती जबड्यातून निसटून कानात आली. भक्ष्य धरायला घडलेलं हाड सूर पोचवायला लागलं! शिकलगारांच्या घरात जे दोन-तीन पिढ्यांत घडलं, ते निसर्गानं त्याच्या संथ हातानं आधीच करून ठेवलं होतं. या हाडांच्या पलीकडे अडीच वेढ्यांचा एक शंख आहे, आणि त्या शंखात पाणी आहे, खारट. समुद्र सोडून किनाऱ्यावर आलेल्या जीवांच्या या वंशजात अजून थोडा समुद्र शिल्लक आहे, आणि जगातला प्रत्येक नाद आपल्यापर्यंत त्याच्या लाटांवरून येतो.

पुढं झाडावर किंवा गुहेत झोपणाऱ्या आपल्या पूर्वजांचं सगळं शरीर झोपलं तरी कान पहाऱ्यावर राहिला. पाचोळा वाजला की जागं करायचं, हे त्याचं काम. हा पहारा इतका खोल रुजलेला आहे की भूलसुद्धा तो पुरता उठवू शकत नाही. बेशुद्ध माणसाच्या कानात टिकटिक सोडली, तर मेंदूच्या देठापर्यंत गेलेल्या तिच्या लहरी यंत्रावर उमटतात. ती टिकटिक आहे हे ओळखणारं वर कुणी जागं नसतं. पण दाराशी कुणी आलं आहे, एवढी खबर आत पोचत असते.

मग या पहारेकऱ्याला कशानं स्वस्थता येते? त्याचं उत्तर मला पावसाळ्यातल्या एका साध्या गोष्टीत सापडतं. पहिला मोठा पाऊस होऊन गेलेल्या रात्री पाणथळ बांधाकडे चालत गेलं, तर बेडकांचं डरावणं दुरून कान भरून टाकत असतं. जसं जवळ जावं तसा आपल्या पावलांभोवतीचा आवाज थांबतो. आधी पायाजवळचे गप्प होतात, मग पलीकडचे. आपण निश्चल उभे राहिलो की कुठून तरी एक जण धीर करून सुरू होतो, मागून दुसरा, आणि थोड्या वेळात सगळं पाणी पुन्हा बोलू लागतं. रानात अखंड चालू असलेला आवाज म्हणजे कुणी आलेलं नाही. सलग पाऊस, सलग ओढा, सलग रातकिडे. आवाज अचानक तुटला की समजावं, काहीतरी हललं. मला वाटतं, आपल्या कानानं ही अक्षरं तेव्हाच गिरवून घेतली आहेत. म्हणून खणखण झाली की टेबलावरच्या माणसाची छाती धडधडते, रक्तदाब चढतो, अंग आवळतं. आणि म्हणून अखंड नाद ऐकला की तेच अंग हलकेच सुटतं.

आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी हे सांगणारं पुस्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं 1859 साली लिहिलं. त्यात आवाजावर एक आख्खं प्रकरण आहे. अचानक झालेला, अर्थ न कळणारा आवाज आजाऱ्याला किती छळतो हे तिनं मोठ्या कळकळीनं मांडलं. संगीताबद्दलही तिचं बारीक निरीक्षण आहे. माणसाचा गळा, फुंकून वाजवायची वाद्यं आणि सलग नाद देणारी तंतुवाद्यं यांनी आजाऱ्याला बरं वाटतं, पण पियानोसारख्या तुटक नादाच्या वाद्यांनी उलट होतं, असं ती म्हणते. पियानोवर हा थोडा अन्याय झाला असेल. पण क्रिमियाच्या युद्धात तळमळणाऱ्या सैनिकांच्या खाटांमधून रात्र रात्र दिवा घेऊन हिंडलेल्या बाईनं अखंड नादाची निवड केली, ही गोष्ट मी फार मोलाची मानते. तंबोरा तिनं ऐकला असता तर!

तंबोऱ्याचा नाद कुठंच तुटत नाही. पंचम विरण्याआधी षड्ज येतो, त्याच्या अंगावर दुसरा षड्ज, खाली खर्ज, आणि खर्ज अजून हवेत असतानाच पुन्हा पंचम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार जिथं छेडावी तिथं ज्यांचा स्थिर बिंदू पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा ध्वनिशास्त्राचा जुना नियम. तंबोऱ्यात आणि वीणेत तेही उमटतात, असं त्यांनी दाखवलं. रुंद घोडीच्या उतारावर तार हलके घासत राहते आणि मिटायला हवे होते ते स्वरही जिवंत होतात. म्हणजे चार तारांतून आपण प्रत्यक्षात एक पूर्ण थवा ऐकत असतो. भोपळ्याच्या त्या पोकळीतून हा थवा उठतो, आणि ऐकणाऱ्याला पुढच्या क्षणी काय येणार हे ठाऊक असतं. भ्यालेल्या माणसाला याहून मोठा आधार कोणता?

या आधाराचा दुखण्याशी संबंध कसा, तेही आता बरंच उलगडलं आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलं, की वेदना ही जखमेकडून मेंदूकडे सरळ गेलेली तार नव्हे. मज्जारज्जूत एक दार आहे. ते कमी-जास्त उघडतं, आणि त्याची कडी काही अंशी वरून, मेंदूच्या हाती असते. भय, एकटेपण, पुढं काय होणार याची धास्ती दार उघडं ठेवते. लक्ष दुसरीकडे रमलं, सोबत मिळाली, की ते लोटलं जातं. 2011 मध्ये मॉन्ट्रिअलच्या संशोधकांनी दाखवलं की आवडतं संगीत ऐकताना अंगावर काटा येतो त्या घटकेला मेंदूच्या खोल भागात डोपामीन स्रवतं. भुकेल्याला अन्न मिळताना स्रवतं तेच.

ऑपरेशनच्या खोलीत संगीत नेण्याची कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे शल्यविशारद इव्हान ओनील केन यांनी 1914 साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं की ते ऑपरेशनच्या वेळी ग्रामोफोन लावतात, आणि त्यानं रुग्णाचं मन भीतीवरून हटतं. हे गृहस्थ बोलण्यापुरते नव्हते. 1921 साली त्यांनी फक्त तेवढा भाग बधिर करून स्वतःचंच अपेंडिक्स स्वतः काढलं. टेबलावर जागं पडून राहणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सत्तर वर्षांनी त्याच पेनसिल्व्हेनियातून एक वेगळी साक्ष आली, आणि ती झाडांची होती. रॉजर अल्रिक यांनी एका इस्पितळाची 1972 ते 1981 या काळातली कागदपत्रं तपासली. पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या त्यांनी 23 जोड्या लावल्या. वय, प्रकृती सगळं सारखं. फरक एवढाच की जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं पाहणारे लवकर घरी गेले, त्यांनी जोरकस वेदनाशामकं कमी घेतली, आणि परिचारिकांच्या नोंदींत त्यांच्याविषयीच्या काळजीच्या ओळीही कमी निघाल्या. 1984 साली हे प्रसिद्ध झालं. काही झाडं, आणि तीसुद्धा काचेपलीकडची! त्या झाडांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ती नुसती आपल्या ऋतूत उभी होती.

पुढं 2003 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये फुप्फुसात दुर्बीण घालण्याच्या तपासणीच्या वेळी 80 रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्या रुग्णांच्या खाटेशी वसंतातल्या कुरणातून वाहणाऱ्या डोंगरी ओढ्याचं चित्र लावलं आणि कानात त्याच ओढ्याचा आवाज दिला. ओढा ऐकणाऱ्यांचं दुखणं अधिक चांगलं आटोक्यात राहिलं. चिंता मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली, हेही सांगायला हवं. निसर्गाच्या आवाजांवरचे कितीतरी अभ्यास एकत्र करून 2021 मध्ये असं दिसलं की मन प्रसन्न करण्यात पाण्याचा आवाज सर्वांत पुढं, आणि ताण उतरवण्यात पाखरांचा. आपल्या घाटात पाऊस थांबल्यावर पानापानांतून ठिबकणारं पाणी आणि मध्येच शीळकरी कस्तुराची लांब शीळ, हे दोन्ही एकदम ऐकलेल्या कुणालाही हा निष्कर्ष वाचून नवल वाटणार नाही.

आणि पुन्हा पित्ताशयच, पण या वेळी दिल्लीत. मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय आणि लोकनायक इस्पितळातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढायच्या 56 रुग्णांना पूर्ण भूल दिल्यावर हेडफोन लावले. सगळ्यांनाच लावले, पण निम्म्यांच्या कानात बासरी किंवा पियानोचे मंद सूर सोडले, आणि उरलेल्यांच्या कानात काहीच नाही. ज्यांनी सूर ऐकले, त्यांना भुलेचं औषध कमी लागलं, ताणाचं संप्रेरक कमी चढलं, आणि ती माणसं अधिक शांतपणे जागी झाली. ऐकले म्हणावं का, असा प्रश्न पडतो. ती तर बेशुद्ध होती. पण पहाऱ्यावरच्या कानानं बासरी ओळखली, आणि शरीराला सांगितलं, भिऊ नको. बांबूच्या एका पोकळ पेरानं हे केलं.

जर्मनीतल्या बोखुमच्या डॉक्टरांनी 2020 साली असंच काही सांगितलं. पाच इस्पितळांतल्या 385 रुग्णांपैकी निम्म्यांच्या कानात, ते पूर्ण भुलेत असताना, हळुवार संगीताच्या साथीनं धीराचे शब्द सोडले. वीस मिनिटं शब्द, दहा मिनिटं शांतता, असं आलटूनपालटून. जागे झाल्यावर त्यांना दुखणं कमी होतं आणि अफूजन्य औषधंही कमी लागली. हे वाचल्यावर बेशुद्ध माणसाच्या उशाशी बसून वाईट बोलू नये, हा आपल्या घरातल्या जुन्या बायकांचा दंडक मला वेगळाच दिसू लागला.

यांतली दहा मिनिटांची शांतता मला विशेष वाटते. इटलीच्या पाव्हियात लुचानो बेर्नार्दी यांनी 2006 साली वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवून माणसांचा श्वास आणि नाडी मोजली, त्यात एक प्रकार आपल्या रागसंगीताचाही होता. लय वाढली की श्वास, नाडी, रक्तदाब वाढत. मधे दोन मिनिटं संगीत थांबलं, तेव्हा मात्र शरीर सर्वांत जास्त निवांत झालं. संगीत सुरू होण्याआधी होतं त्याहूनही. बेडूक गप्प होण्यातली शांतता वेगळी आणि सूर विरल्यानंतरची वेगळी. दुसरी शांतता नादानं कमावून दिलेली असते.

सगळ्याचा ताळा 2015 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात मांडला गेला. 73 प्रयोग, सुमारे 7000 रुग्ण. संगीतानं ऑपरेशननंतरचं दुखणं कमी होतं, चिंता कमी होते, वेदनाशामकं कमी लागतात, रुग्ण अधिक समाधानी असतात. घरी जाण्याचा दिवस काही अलीकडे येत नाही. संगीत आधी द्या, मध्ये द्या, नंतर द्या, गुण येतोच. आणि कुठल्या प्रकारचं संगीत, यानं फारसा फरक पडत नाही.

हे शेवटचं वाक्य आपल्याकडे कुणी तरी मोठ्यानं वाचायला हवं. अमुक रागानं रक्तदाब उतरतो, तमुक रागानं मधुमेह बरा होतो अशा याद्या सर्रास फिरत असतात. मला त्या पटत नाहीत, आणि रागांवरच्या प्रेमापोटीच पटत नाहीत. यमन दिवेलागणीचा, भैरव पहाटेचा. उजेड, दव, पाखरं आणि माणसाचं मन यांच्या भेटीतून ते उगवले. त्यांना गोळीसारखं सकाळ-संध्याकाळ वाटून देऊ नये. ऑपरेशनच्या खोलीला तर खिडकीच नसते, तिथं प्रहर कुठला? जतहून आलेल्या ज्या आजीनं जन्मभर जात्यावर ओव्या म्हटल्या, तिला त्या वेळी ओवीच हवी. कुणाला हरिपाठ, कुणाला बेळगावकडची कन्नड भजनं, कुणाला तरुणपणी रेडिओवर ऐकलेली चित्रपटगीतं. कुणाला फक्त पाऊस. आणि ज्याला काहीच सुचत नसेल, त्याला तंबोरा द्यावा. तो सगळ्या रागांचा आहे आणि सगळ्या प्रहरांचा.

दुसरी एक गोष्ट. खोलीत मोठ्यानं लावलेली, सर्जनच्या आवडीची गाणी म्हणजे रुग्णासाठी संगीत नव्हे. इंग्लंडमध्ये वीस ऑपरेशनांचं चित्रण तपासलं, तेव्हा संगीत चालू असताना परिचारिकांना एकच सूचना पुन्हा पुन्हा द्यावी लागत असल्याचं दिसलं. टेबलाभोवतीच्या माणसांना एकमेकांचं बोलणं आणि मॉनिटरचा तो सूर नीट ऐकू यायलाच हवा. म्हणून नाद रुग्णाच्या कानात, हेडफोनमधून, मंद. रुग्ण जागा असेल तर त्याचा एक कान मोकळा, भूलतज्ज्ञांची हाक ऐकायला.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, उपकल्पनीय अध्यायात, उपचारांसाठी घर कसं असावं ते सांगितलं आहे. भक्कम, वारा खेळता, धूर आणि धूळ न पोचणारं. मग प्रेमळ, कुशल सेवकांची नेमणूक. आणि त्यांच्याबरोबर गाणारे, वाजवणारे, श्लोक आणि कथा सांगणारे, रुग्णाचं मन ओळखणारे सोबती. जवळच वासरासह एक शांत, निरोगी, दुभती गाय. सामग्रीच्या यादीत गायक असलेलं हे रुग्णालय वाचताना माझे हात आपोआप जोडले जातात. एवढं आपल्याला तेव्हा ठाऊक होतं. मधल्या काळात आपण वारा, गाय आणि गायक, तिघांनाही दाराबाहेर काढलं. जंतूंच्या भयानं गाय आणि वारा गेले ते योग्यच झालं. गायकाला जायचं काही कारण नव्हतं.

सिझेरियनच्या टेबलावर मात्र एक क्षण असा येतो की तिथं कसलंही संगीत नको. बाळाचा कान जन्माच्या किती तरी आठवडे आधी ऐकू लागलेला असतो. पोटातल्या पाण्यातून त्यानं आईच्या रक्ताचा ओघ ऐकला आहे, तिचं बोलणं ऐकलं आहे. जन्मल्यावर काही दिवसांतच ते इतर बायकांच्या आवाजातून आईचा आवाज निवडतं, हे 1980 साली प्रयोगानं सिद्ध झालं आहे. हिरव्या कापडापलीकडे हालचाल वाढते, डॉक्टर पोटावर दाब देतात, तेव्हा जाणत्या भूलतज्ज्ञानं हलकेच आईच्या कानावरचा हेडफोन काढावा. पहिलं रडणं तिनं उघड्या कानानं ऐकायचं असतं. त्या रडण्यानं तिचा चेहरा जसा सैलावतो तसा कुठल्याच औषधानं सैलावत नाही. आणि मग ती बोलते, आणि ते बाळ ओळखीचा आवाज ऐकून गप्प होतं.

तुमच्या घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा त्यांना स्पष्ट विचारा, टेबलावर हेडफोन चालेल का. बहुतेक जण हो म्हणतील. आणि त्याच्याही आधी त्या माणसाजवळ बसून विचारून घ्या, तुला काय ऐकायचं आहे. स्वतः ठरवू नका. तो म्हणेल ते, तासाभराचं, मोबाइलमध्ये भरून ठेवा, आणि चार्जिंग पुरेल ना, ते पाहा.